वाडा पाडून ऑफिसची इमारत येणार असेल तर: मालकाशी गप्पांपासून हायकोर्टापर्यंत

दिंडी दरवाज्यासमोर पाडकामाच्या आडोशाचे पत्रे लागले की गल्ली जागी होते. कोणी फोटो काढतं, कोणी वर्तमानपत्राला फोन करतं, व्हॉट्सॲपवर ग्रुप निघतो. पण पत्रे लागले म्हणजे मालमत्तेचा व्यवहार, धोकादायक असल्याचा दाखला, नकाशांची मंजुरी हे सगळं कधीच होऊन गेलेलं असतं. तिथून वाडा वाचवणं फार अवघड. पुण्याच्या पेठांमध्ये अशा काही वादांत मी शेजाऱ्यांबरोबर, भाडेकरूंबरोबर आणि एकदा खुद्द मालकाबरोबर बसलो आहे. हरलेल्या प्रत्येक प्रकरणात आमचा मुद्दा बरोबर होता, पण आमचा अर्ज उशिरा गेला होता. म्हणून हा लेख पत्रे लागण्याआधीच्या महिन्यांबद्दल जास्त आहे.

उदाहरणं पुण्याची आहेत. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ (पुढे नुसता ‘नगररचना कायदा’) सगळ्या राज्याला लागू आहे. मुंबईची विकास नियमावली वेगळी. राज्यातल्या बहुतेक शहरांना २०२० च्या डिसेंबरात मंजूर झालेली एकत्रित नियमावली, म्हणजे यूडीसीपीआर, लागू होते. नाशिक, सांगली किंवा कोल्हापूरच्या वाचकाला पायऱ्या जवळपास याच लागतील.

पायरी १: आधी मालकाच्या ओसरीवर बसा

बहुतेक जण थेट तक्रारीने सुरुवात करतात आणि पहिल्याच दिवशी मालक कायमचा विरोधात जातो. त्याची बाजू खरंच ऐकण्यासारखी असते. चार भावांचे अकरा वारस, त्यातले तिघं परदेशात. भाडेकरू तीन पिढ्यांचे, भाडं इतकं की त्यात वर्षाची कौलंही फिरवून होत नाहीत. वरच्या माडीला स्वतंत्र संडास नाही. अशात बिल्डर येतो, सगळ्या वारसांच्या सह्या स्वतः गोळा करतो, भाडेकरूंशी स्वतः बोलतो आणि एकरकमी पैसे देतो. खाली दुकानं, वर ऑफिसं असा हिशेब बसला की प्रति चौरस फूट दर घरांपेक्षा चढा मिळतो. लक्ष्मी रस्ता, बाजीराव रस्ता यांच्या आजूबाजूला हे गणित कुणालाही कळतं.

म्हणून पहिल्या भेटीत वारशाबद्दल बोलू नका. तीन गोष्टी विचारा: करार झाला आहे की नुसती बोलणी चालली आहेत, भाडेकरूंचं काय ठरलं आहे, आणि दुरुस्तीचा खर्च कोणी उचलला तर पुढचा भाग ठेवायची तयारी आहे का. तिसऱ्या प्रश्नाला ‘बघू’ असं उत्तर आलं तरी ते मोलाचं आहे. पायरी ७ तिथूनच उभी राहते.

भाडेकरूंना वेगळं भेटा. त्यांना वाडा नकोच असेल, स्वतःचं नळ-संडास असलेलं घर हवं असेल, तर ते मान्य करा. त्यांचा पुनर्वसनाचा प्रश्न बाजूला ठेवून केलेली वारसा-चळवळ टिकलेली मी पाहिलेली नाही, आणि टिकू नये असंही मला वाटतं.

पायरी २: वाडा कागदावर कसा दिसतो ते शोधा

सर्वात आधी सिटी सर्व्हे नंबर. घराच्या पाटीवरचा घर क्रमांक वेगळा, हा वेगळा; अर्जात चुकीचा नंबर पडला की ‘माहिती उपलब्ध नाही’ असं उत्तर येतं आणि एक महिना वाया जातो. नंबर मिळाला की नगर भूमापन कार्यालयातून किंवा महाभूमीच्या संकेतस्थळावरून मालमत्ता पत्रक काढा. त्यात धारकांची नावं, क्षेत्र आणि फेरफार कळतात. अलीकडे विक्री किंवा विकसन करार नोंदला असेल तर नोंदणी विभागाच्या ई-सर्चमध्ये सूची क्रमांक २ (‘इंडेक्स टू’, म्हणजे नोंदलेल्या दस्ताचा गोषवारा) पाहा.

मग महापालिकेची वारसा यादी. वाडा स्वतः यादीत आहे का, असल्यास श्रेणी कोणती? सर्वसाधारणपणे पहिल्या श्रेणीत अत्यावश्यक दुरुस्तीपलीकडे हात लावता येत नाही, दुसरीत बाहेरचं रूप राखून आतले बदल आणि नवा वापर चालतो, तिसरीत बरीच मोकळीक असते. तिसरी श्रेणी म्हणजे ‘पाडायला परवानगी’ असं सर्रास सांगितलं जातं. तसं नाही, प्रस्ताव वारसा संवर्धन समितीपुढे जातो का हे नियमात वाचून घ्या.

विकास आराखड्यावर (पेठांच्या जुन्या हद्दीचा आराखडा शासनाने जानेवारी २०१७ मध्ये मंजूर केला) दोन गोष्टी बघा: वाड्याच्या दर्शनी भागातून रस्तारुंदीची रेषा जाते का, आणि त्या रस्त्यावर ऑफिस वापर कितपत चालतो. व्यापारी वापर रस्त्याच्या रुंदीशी बांधलेला असतो. म्हणून टेप घेऊन रस्ता स्वतः मोजा, तीन ठिकाणी, साक्षीदाराच्या सहीसह. नकाशावरची रुंदी आणि प्रत्यक्षातली रुंदी यांत फरक सापडला तर तो तुमच्या हरकतीतला सगळ्यात पक्का मुद्दा असतो.

शेवटी अंतर. शनिवारवाडा केंद्र संरक्षित स्मारक आहे. १९५८ च्या केंद्रीय पुरातत्त्व कायद्यातल्या २०१० च्या दुरुस्तीनुसार अशा स्मारकाच्या संरक्षित हद्दीपासून १०० मीटरपर्यंत नवं बांधकाम बंद, आणि त्यापुढच्या २०० मीटरमध्ये राष्ट्रीय स्मारक प्राधिकरणाच्या शिफारशीने परवानगी लागते. कसबा, शनिवार, बुधवार पेठेतले कितीतरी वाडे या वर्तुळांत येतात. याच नियमाने तिथल्या रहिवाशांची वर्षानुवर्षं कोंडीही केली आहे: पडकं घर नव्याने बांधताही येत नाही. तिथे दुरुस्तीची परवानगी मागता येते, हे मालकाला सांगणारा माणूस तुम्हीच व्हा.

पायरी ३: फाईल उघडा

माहिती अधिकाराचा अर्ज महाराष्ट्रात दीडशे शब्दांत आणि एकाच विषयावर करायचा असतो. फी १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. लांबलचक पत्र लिहू नका. एवढंच मागा: ‘सि. स. नं. अमुक, तमुक पेठ, येथील बांधकाम प्रस्तावाची संपूर्ण फाईल, टिपणीसह, पाहणीसाठी उपलब्ध करावी.’ पाहणी मागितली की पहिला तास मोफत असतो, पुढे दर पंधरा मिनिटांना पाच रुपये, आणि हव्या त्या पानाची प्रत दोन रुपयांत मिळते. कोणती पानं हवीत हे फाईल पाहिल्यावरच कळतं. ‘त्रयस्थ पक्षाची माहिती’ म्हणून नकार आला तर ३० दिवसांत प्रथम अपील करा.

फाईलमध्ये काय शोधायचं? अर्ज कोणत्या तारखेला दाखल झाला, कारण पूर्ण अर्जावर ६० दिवसांत निर्णय न झाल्यास नगररचना कायद्याच्या कलम ४५ नुसार परवानगी मिळाल्याचं मानता येतं. अर्जात ‘वारसा वास्तू आहे का’ या रकान्यापुढे काय लिहिलं आहे. भाडेकरूंची यादी जोडली आहे का. पार्किंगचं गणित आणि अग्निशमन विभागाचा दाखला. प्रकल्प महारेरात (राज्याच्या स्थावर मालमत्ता नियामक प्राधिकरणात) नोंदला गेला असेल तर मंजुरीची बरीच कागदपत्रं तिथे कोणालाही, अर्ज न करता, पाहता येतात. हे फार जणांच्या लक्षात येत नाही.

पायरी ४: वाडा मोजून ठेवा

मालकाची परवानगी घेऊन एक रविवार काढा. वास्तुकला महाविद्यालयाचे चार-पाच विद्यार्थी मिळाले तर दिवसभरात तळमजल्याचा नकाशा होतो. दरवाज्यावरची गणेशपट्टी, चौक, ओसरी, माजघर, माडीवरचा दिवाणखाना, सुरूचे (सुरूच्या झाडाच्या आकाराचे) कोरीव खांब, महिरपी, कडीपाट (लाकडी कड्या-फळ्यांचं छत), देवळ्या, आड किंवा हौद: प्रत्येकाचा मापाची पट्टी शेजारी ठेवून फोटो. खण (दोन खांबांमधला गाळा) मोजा, जुन्या कागदांत वाड्याचा आकार खणांतच दिलेला असतो आणि जुळला तर वय सिद्ध करायला मोठी मदत होते.

इतिहासासाठी घरातलं दप्तर, भारत इतिहास संशोधक मंडळ (स्थापना १९१०) आणि पुण्याचं पुराभिलेखागार, जिथे पेशवे दप्तर आहे, ही तीन ठिकाणं. ‘इथे अमुक थोर पुरुष राहून गेले’ ही ऐकीव गोष्ट कागदाशिवाय अर्जात घालू नका. एक दावा खोटा ठरला की बाकीचे नऊ कोणी वाचत नाही. थोर कोणी राहिलेलं नसलं तरी बिघडत नाही. सावकार, भिक्षुक, तांबट, कारकून अशा लोकांचे वाडे म्हणजेच ही पेठ.

पायरी ५: ‘धोकादायक’ची नोटीस

बहुतेक वाडे इथे हरतात, म्हणून इथे जरा थांबू.

दर वर्षी पावसाळ्याआधी महापालिका जुन्या इमारतींची पाहणी करते आणि नोटिसा निघतात. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम २६४ खाली आयुक्त धोकादायक बांधकाम दुरुस्त करायला, आधार द्यायला किंवा उतरवायला सांगू शकतात. भीती खोटी नाही. पावसात वाड्याची भिंत पडून माणसं गेली आहेत. कुणाच्या जिवाशी खेळून लाकूड वाचवायचं नाही, याबद्दल मनात किंतू ठेवू नका. पण नोटिशीत ‘उतरवा’ हा एकच पर्याय नसतो, हेही तितकंच खरं.

राज्य शासनाच्या २०१५ च्या परिपत्रकाप्रमाणे इमारतींचे चार वर्ग आहेत. सी-१ म्हणजे राहण्यास अयोग्य, तातडीने रिकामी करून पाडायची. सी-२ए म्हणजे रिकामी करून मोठी दुरुस्ती. सी-२बी म्हणजे रिकामी न करता दुरुस्ती. सी-३ म्हणजे किरकोळ दुरुस्ती. तुमच्या वाड्याला कोणता वर्ग दिला, कोणी दिला, कोणत्या पाहणीवरून दिला, हे लेखी मागा.

आता वर्ग ठरवताना झालेल्या स्ट्रक्चरल ऑडिटचा, म्हणजे इमारतीच्या मजबुतीच्या तपासणीचा, अहवाल वाचा. काँक्रीटवर हातोडा आपटून किंवा ध्वनिलहरी सोडून करायच्या चाचण्या लिहिल्या असतील तर तो अहवाल वाड्याचा नाहीच. वाड्याचा भार सागाच्या खांब-तुळयांवर असतो. त्यांच्यामधली विटा-मातीची भिंत पुष्कळदा नुसती भरणी असते. ती फुगली, पोपडे निघाले म्हणून सांगाडा गेला असं होत नाही. उलट भिंत छान दिसत असताना आत तुळईचं टोक कुजलेलं असू शकतं. तपासायच्या जागा ठरलेल्या आहेत: खांबाचा तळ, जिथे तो दगडी तळखड्यावर बसतो, भिंतीत गेलेली तुळयांची टोकं, पन्हाळीखालचा भाग, आणि वरच्या मजल्यावर नंतर काढलेल्या मोरी-संडासाखालचा कडीपाट. मी पाहिलेल्या वाड्यांत रोग बहुधा या शेवटच्या जागेतून सुरू झालेला होता. तुंबलेली गटारं, फुटकी कौलं, जोत्यात रुजलेला पिंपळ आणि वाळवी ही बाकीची कारणं. कुजलेला तळ कापून नवं लाकूड सांध्याने जोडता येतं, आणि हे काम करणारे सुतार अजून आहेत.

म्हणून लाकडी बांधकामाचा अनुभव असलेल्या परवानाधारक स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून दुसरं ऑडिट करून घ्या. खर्च येतो, भाडेकरू आणि शेजारी मिळून उचला. दोन अहवाल विसंगत निघाले तर ते महापालिकेच्या तांत्रिक सल्लागार समितीपुढे ठेवण्याची लेखी मागणी करा. तोवर टेकू आणि ताडपत्री लावा, त्यांचे तारखेसह फोटो काढा. ‘रहिवासी नुसता विरोध करतात’ या वाक्याला हे फोटो उत्तर देतात.

भाडेकरूंसाठी दोन गोष्टी. इमारत पाडली म्हणून भाडेकरूचा हक्क संपत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली शहा रतनसी खिमजी अँड सन्स विरुद्ध कुंभार सन्स हॉटेल या निकालात स्पष्ट केलं आहे. आणि घर रिकामं करण्याआधी प्रत्येकाच्या ताब्यातलं क्षेत्र महापालिकेकडून नोंदवून घ्या. नंतर खोली किती होती हे सांगायला भिंतच उरत नाही.

पुण्याने या बाबतीत एक मोठी किंमत मोजली आहे. बुधवार पेठेतल्या भिडे वाड्यात १८४८ साली जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी मुलींची शाळा सुरू केली. स्मारक, मालकी आणि गाळेधारक यांच्या वादात वर्षं गेली, तोवर वास्तू खिळखिळी झाली, आणि न्यायालयाचा निकाल लागल्यावर डिसेंबर २०२३ मध्ये महापालिकेने ती उतरवली. स्मारक व्हायलाच हवं होतं. पण दावा चालू असताना छप्पर शाकारणं थांबलं की निकाल कोणाच्याही बाजूने लागो, मूळ भिंती हातात राहत नाहीत.

पायरी ६: हरकत लिहा

एक कटू गोष्ट आधी. बांधकाम परवानगीविरुद्ध अपिलाचा हक्क (नगररचना कायद्याचं कलम ४७) अर्जदाराला आहे, शेजाऱ्याला नाही. प्रत्येक प्रस्तावावर जाहीर हरकती मागवायचं बंधनही नाही. जाहीर सूचना निघते ती विकास आराखड्याच्या वेळी, त्यात कलम ३७ खाली फेरबदल करताना, वारसा यादी करताना आणि झाडं तोडताना. म्हणून तुमचं पत्र कोणी मागितलेलं नसणार, आणि ते मंजुरीच्या आधी फाईलला लागलं पाहिजे.

नमुना असा:

‘प्रति, मा. महापालिका आयुक्त. विषय: सि. स. नं. …, … पेठ येथील वाडा पाडून व्यापारी इमारत बांधण्याच्या प्रस्तावास हरकत व सुनावणीची मागणी. महोदय, मी वरील मिळकतीलगत … वर्षे राहतो. (१) सदर वाडा अंदाजे … साली बांधलेला असून पुरावा जोडला आहे. (२) प्रस्तावात रस्त्याची रुंदी … मी. दाखवली आहे, प्रत्यक्ष मोजणी … मी. भरते. (३) वारसा संवर्धन समितीचा अभिप्राय घेतल्याचे फाईलवरून दिसत नाही. (४) स्ट्रक्चरल अहवाल लाकडी बांधकामास लागू पडत नाही. दुसरा अहवाल जोडला आहे. तरी (अ) समितीचा अभिप्राय मिळेपर्यंत निर्णय घेऊ नये, (आ) आम्हास सुनावणी द्यावी, (इ) सोबतच्या पर्यायी आराखड्याचा विचार व्हावा.’

भावना एका वाक्यात, मोजमाप बाकी सगळ्यांत. पत्र आयुक्त, शहर अभियंता आणि हेरिटेज सेल (महापालिकेचा वारसा विभाग) अशा तिन्ही ठिकाणी द्या आणि प्रत्येक प्रतीवर आवक क्रमांक, तारीख व शिक्का घ्या. ही पोच नसेल तर पुढे कोर्टात तुमचं पत्र कधी लिहिलंच नव्हतं असं धरलं जाईल.

अंगणात ५० वर्षांहून जुनं झाड असेल तर २०२१ च्या दुरुस्तीने त्याला वारसा वृक्षाचा दर्जा आहे. वृक्ष प्राधिकरणाकडे वेगळी हरकत घ्या. अरुंद बोळात अग्निशमन बंब वळेल का, ऑफिसात रोज येणाऱ्यांच्या गाड्या कुठे लागतील, हे प्रश्नही लिहा. वारसा न मानणारे अधिकारीही यांची उत्तरं टाळू शकत नाहीत.

वाडा यादीत नसेल तर त्याच दिवशी यादीत घेण्याचा अर्ज द्या, पायरी ४ चे नकाशे जोडून. यादीत भर पडायला जाहीर सूचना, मालकाची बाजू आणि शासनाची मंजुरी हे सगळं लागतं; वेळ जातो. तरीही अर्ज नोंदलेला असणं आणि नसणं यात न्यायालयापुढे जमीन-अस्मानाचा फरक पडतो. मुंबईने १९९५ साली वारसा नियम केले तेव्हा देशात कोणत्याच शहराकडे असे नियम नव्हते. खोताची वाडीसारखी वस्ती आज चर्चेत तरी राहते, ती त्या यादीमुळे.

पायरी ७: पर्याय टेबलावर ठेवा

‘पाडू नका’ एवढंच म्हणणाऱ्याला सुनावणीत पाच मिनिटं मिळतात. आराखडा घेऊन गेलेल्याला अर्धा तास मिळतो. पेठेतले वाडे बरेचदा अरुंद आणि खोल असतात: पुढचा चौक, मागचा चौक, त्यामागे परसू. पुढचा सोपा (ओसरीचा भाग), दिंडी दरवाजा आणि पहिला चौक राखून त्यातच लहान ऑफिसं, वकिलांची किंवा सीएंची, आणि नवं बांधकाम मागच्या पडक्या भागात, असा आराखडा पुष्कळ वेळा बसतो. यादीतल्या वास्तूला न वापरलेलं चटई क्षेत्र टीडीआर (दुसरीकडे वापरता येणारा बांधकामाचा हक्क) म्हणून विकता येतं; मालकाला दाखवायचा कागद हाच. आकडे आर्किटेक्टकडून काढून घ्या, अंदाजाने बोलू नका. राजा दिनकर केळकर संग्रहालय वाड्यातच उभं आहे, विश्रामबागवाडा महापालिकेने दुरुस्त करून वापरात ठेवला आहे. ‘वाड्यात काही चालत नाही’ म्हणणाऱ्याला तिथे घेऊन जा.

नुसता दर्शनी भाग चिकटवून मागे काचेची इमारत, हा तोडगा बिल्डरकडून येईल. मला तो पसंत नाही. चौकाशिवाय वाडा म्हणजे मुखवटा. पण दुसरं काहीच शक्य नसेल तर नाकारण्याआधी गल्लीचा विचार करा. रस्त्याची ओळ तरी शाबूत राहते.

इथे डब्लिनची एक गोष्ट सांगतो, कारण बैठकीत ती मला उपयोगी पडली आहे. तिथल्या फिट्झविल्यम स्ट्रीटवर अठराव्या शतकाच्या अखेरची जॉर्जियन घरं एका लांब सलग ओळीत होती. वीज मंडळाने आपल्या मुख्यालयासाठी त्यातली १६ घरं लोकांचा मोठा विरोध असताना १९६५ साली पाडली. नवं ऑफिस उभं राहिलं, आणि अर्ध्या शतकात तेही जुनं ठरून पाडलं गेलं. घरांनी दीडशेहून अधिक वर्षं काढली होती.

पायरी ८: मंजुरी मिळालीच तर

एकदा दिलेली परवानगी नगररचना कायद्याच्या कलम ५१ खाली रद्द करता किंवा बदलता येते, पण बांधकाम बरंच पुढे गेल्यावर नाही. अर्जात खोटी माहिती दिल्याचं सिद्ध झालं तर महानगरपालिका अधिनियमाचं कलम २५८ वापरायला सांगा. दोन्ही अर्ज आठवड्याच्या आत जायला हवेत.

मग उच्च न्यायालय. भाडेकरू किंवा लगतचा शेजारी असाल तर तुमचा स्वतःचा हक्क आहे, त्यावर रिट याचिका करा. उगाच जनहिताचा मुलामा देऊ नका. खरंच फक्त वारशासाठी लढत असाल तर जनहित याचिका, तिथे तुमचा हेतू आणि खर्चाचा स्रोत विचारला जाईल. वकील पहिल्यांदा तीन गोष्टी मागेल: पोच असलेली पत्रं, फाईलच्या प्रती आणि तारखांचा तक्ता. ‘जैसे थे’चा आदेश मिळणं हे पाडकाम सुरू झालं आहे की नाही यावर फार अवलंबून असतं. एकदा आमची याचिका सोमवारी दाखल व्हायची होती आणि शनिवार-रविवारी माडी उतरवली गेली. तेव्हापासून मी कागद शुक्रवारपर्यंत ठेवत नाही.

पायरी ९: वाडा गेलाच तर

परवानगीच्या अटींत लिहून घ्या: उतरवण्याआधी संपूर्ण चित्रीकरण, कोरीव लाकडावर क्रमांक टाकून नोंद, आणि पायासाठी खोदताना काही जुनं सापडलं तर काम थांबवून कळवणं. ही शेवटची अट पुण्यात फार खरी आहे. कात्रजहून शनिवारवाड्याकडे पाणी आणणारी पेशवेकालीन दगडी नळयोजना शहराच्या पोटातून जाते, आणि तळघरातल्या पार्किंगचा खड्डा नेमका तेवढा खोल जातो.

सुरूचे खांब आणि महिरपी जुन्या लाकडाच्या वखारीत जातात, तिथून फार्महाऊसवर. मालकाने एखादा खण दिला तर संग्रहालयाला किंवा पेठेतल्या शाळेला मिळवून द्या. तुम्ही केलेले नकाशे, फोटो आणि घरातल्या जुन्या कागदांच्या प्रती एका संचात बांधा: एक संच मालकाला, एक भारत इतिहास संशोधक मंडळाच्या ग्रंथालयाला, एक हेरिटेज सेलला आवक क्रमांकासह. शेजारच्या वाड्याची नोटीस आली की त्याच नकाशातली सामाईक भिंत पहिल्यांदा उपयोगी पडते.